जुनी मारुती 800: इंजिन उतरवण्याआधी काय तपासायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात 1997 सालची कार्ब्युरेटरवाली (पेट्रोल आणि हवा यांचं मिश्रण करणारा जुन्या पद्धतीचा भाग असलेली) मारुती 800 आहे. सकाळी सुरू केली की सायलेन्सरमधून निळा धूर येतो आणि थोड्या वेळानं थांबतो. हजार किलोमीटरला साधारण अर्धा लिटर ऑइल घालावं लागतं. साताऱ्याकडे जाताना खंबाटकी घाट चढला की तापमानाचा काटा वर जातो. उन्हात गाडी थांबवून पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा चावी फिरवली तर सुरू होत नाही. गॅरेजमध्ये सांगितलं, "इंजिन काम निघालंय, रिंग-पिस्टन टाकावे लागतील." म्हणजे सिलिंडरमध्ये वरखाली होणारे पिस्टन आणि त्यांच्याभोवतीच्या रिंगा बदलायच्या. करावं का?

माझं उत्तर: लगेच करू नका. तुम्ही सांगितलेली लक्षणं एकाच आजाराची नाहीत. धूर, तापणं आणि उन्हात सुरू न होणं ही तीन वेगळी दुखणी आहेत, आणि त्यांतली किमान दोन इंजिन न उघडता बरी होण्यासारखी आहेत. जुन्या गाडीत चार तक्रारी एकदम आल्या की सगळ्यांचं खापर रिंग-पिस्टनवर फुटतं. इंजिन खाली येतं, भरपूर खर्च होतो, आणि गाडी पुन्हा घाटात तापते, कारण रेडिएटर होता तसाच परत बसवलेला असतो. असं झालेल्या गाड्या मी नेहमी बघतो आणि प्रत्येक वेळी वाईट वाटतं. म्हणून आधी मोजायचं, मग उघडायचं.

हे इंजिन म्हणजे सुझुकीचं एफ8बी. 796 सीसी, तीन सिलिंडर, व्हॉल्व्ह (झडपा) उघडणारा वर एक कॅमशाफ्ट, तो फिरवणारा टायमिंग बेल्ट, अॅल्युमिनियमचं हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण. ही गाडी 1983 च्या डिसेंबरमध्ये आली आणि 2014 पर्यंत बनत राहिली, त्यामुळे सुटे भाग आजही सहज मिळतात. सिलिंडर तीनच असल्यामुळे एकानं काम सोडलं तर एक तृतीयांश ताकद जाते आणि सगळी गाडी हादरते. त्यामुळे या गाडीत दोष मोठा वाटतो, पण तो असतोच मोठा असं नाही.

आधी धुराचं बघू. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, एवढं सगळे सांगतात. पण ते कधी जळतंय, यावरून ते कुठून येतंय हे कळतं. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी सुरू केल्यावर निळा भपका येऊन थांबत असेल, तर ऑइल वरून उतरलेलं असतं. व्हॉल्व्हच्या दांड्यावरचे रबरी सील वयानं कडक होतात, हेडमधलं ऑइल रात्रभर दांड्यावरून थेंबथेंब खाली झिरपतं आणि सकाळी जळून जातं. घाट उतरताना बराच वेळ ॲक्सिलरेटर सोडलेला असतो, तेव्हा सिलिंडरमध्ये ओढ तयार होते. पायथ्याशी पुन्हा पाय दिला की भपका आला, तर तेही बहुतेक वेळा याच सीलचं लक्षण. याउलट चढावर जोर देताना मागे सतत निळी रेघ राहत असेल, इंजिन गरम होईल तसा धूर वाढत असेल, तर संशय रिंगांवर घ्यायचा. तुमचा धूर पहिल्या प्रकारचा आहे. व्हॉल्व्ह सील बदलणं हे हेडचं काम आहे, ब्लॉक (सिलिंडर असलेला खालचा मुख्य भाग) उतरवण्याचं नाही.

त्याच्याही आधी एक गोष्ट बघा, जिच्याकडे फार कमी गॅरेजांत लक्ष जातं: ब्रीदर. रिंगांच्या बाजूनं थोडा गॅस खाली उतरतोच, नव्या इंजिनातही. तो बाहेर काढायला टॅपेट कव्हरवरून (इंजिनाच्या सगळ्यांत वरच्या झाकणावरून) एअर फिल्टरकडे आणि इनटेककडे (हवा आत जाण्याच्या वाटेकडे) नळ्या जातात, तोच ब्रीदर. वर्षानुवर्षं त्यात काळा चिकट गाळ साठतो. वाट बंद झाली की आतला दाब वाढतो, आणि तो दाब ऑइलला मिळेल तिथून बाहेर ढकलतो: टॅपेट कव्हरच्या गॅस्केटमधून, डिस्ट्रिब्युटरच्या (प्रत्येक प्लगला ठिणगी वाटून देणाऱ्या भागाच्या) ओ-रिंगमधून, क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या) सीलमधून. मालकाला वाटतं इंजिन ऑइल खातंय. खरं तर ते गळतंय. नळ्या काढून पेट्रोलनं धुवा, फुंकून बघा, इंजिन बाहेरून स्वच्छ पुसा आणि दोनशे किलोमीटर चालवून कुठे ओलं झालंय ते शोधा. हजारला अर्धा लिटर हा आकडा या वयाच्या इंजिनाला घाबरण्यासारखा नाही. डिपस्टिक दर आठवड्याला बघितली तर अशी गाडी वर्षानुवर्षं चालते.

आता कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर येताना सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब. इंजिन काम करायचं की नाही, हा निर्णय या चाचणीशिवाय घेऊच नये. गेज स्वस्त आहे, पण चाचणी बऱ्याचदा चुकीची होते आणि चांगलं इंजिन आजारी ठरतं. इंजिन पूर्ण गरम हवं. तिन्ही स्पार्क प्लग काढलेले हवेत, एकच काढून चालणार नाही. ठिणगी देणाऱ्या कॉइलची वायर काढून ठेवायची. बॅटरी भरलेली हवी. सगळ्यांत महत्त्वाचं, स्टार्टर मारताना ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरायचा. तो दाबला नाही तर कार्ब्युरेटरची झडप बंद राहते, सिलिंडरला हवाच मिळत नाही आणि गेज खोटा कमी आकडा दाखवतं. नीट केलेल्या चाचणीत 12 किलो प्रति चौरस सेंटिमीटरच्या आसपास आकडा आला तर इंजिन ठणठणीत आहे. 10 ते 11 आला आणि तिन्ही सारखे असले तरी निवांत राहा. 9 च्या खाली किंवा दोन सिलिंडरमध्ये 1 पेक्षा जास्त फरक असेल तर पुढची पायरी: प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाकायचं आणि पुन्हा मोजायचं. आकडा चांगला वर चढला तर रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजलेत, कारण ऑइलनं ती फट तात्पुरती बुजवली. आकडा हलला नाही तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरचा आकडा एकदम पडलेला असेल तर त्यांच्या मधला हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग) फुटला असण्याची शक्यता जास्त.

व्हॉल्व्ह बसत नाहीत म्हटल्यावर लगेच हेड उघडू नका. या इंजिनात टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागांमधली फट, हातानं सेट करावे लागतात. सीट, म्हणजे व्हॉल्व्ह मिटताना ज्यावर बसतो ती बैठक, झिजत गेली की व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटची फट कमी होत जाते. एलपीजी किंवा सीएनजीवर चाललेल्या गाडीत हे जास्त लवकर होतं. फट संपली की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, गरम गॅस तिथून निसटतो आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड जळते. टॅपेट वाजत नाहीत म्हणजे सगळं उत्तम, हा समज चुकीचा आहे. किंचित टिकटिक करणारा टॅपेट मला शांत टॅपेटपेक्षा बरा वाटतो. मॅन्युअलमध्ये दिलेल्या फटीप्रमाणे फीलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) सेटिंग करा, मग पुन्हा कॉम्प्रेशन मोजा. अनेकदा गेलेला आकडा इथेच परत मिळतो.

घाटातलं तापणं हा तुमचा खरा गंभीर प्रश्न आहे, कारण अॅल्युमिनियमचं हेड दोन-तीनदा जास्त तापलं की वाकतं, आणि मग खरंच मोठं काम निघतं. कुठे तापते यावरून कारण शोधता येतं. गाडी सिग्नलला, ट्रॅफिकमध्ये तापते आणि वेग घेतला की काटा खाली येतो, तर पंख्याकडे बघा: पंख्याची मोटर, त्याचा थर्मो स्विच (तापमान वाढलं की पंखा सुरू करणारा), फ्यूज, अर्थिंग. स्विचच्या दोन वायरी एकत्र जोडल्यावर पंखा फिरला तर मोटर ठीक, दोष स्विचमध्ये. उलट, ट्रॅफिकमध्ये काटा स्थिर आणि चढावर किंवा लांब पल्ल्याला वर जात असेल, तर पाणी पुरेसं फिरत नाही किंवा रेडिएटर उष्णता टाकत नाही. तुमची गाडी दुसऱ्या प्रकारात बसते.

आपल्याकडे रेडिएटर तुंबण्याचं मोठं कारण बोअरवेलचं पाणी. क्षार जास्त असलेलं पाणी वर्षानुवर्षं ओतत राहिलं की नळ्यांच्या आत पांढरा थर जमतो, किटलीच्या तळाशी जमतो तसाच. इंजिनच्या वॉटर जॅकेटमध्ये (सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या वाटांमध्ये) गंज आणि गाळ साठतो. इंजिन बंद करून पंख्याची वायर काढून ठेवा आणि रेडिएटरवरून सांभाळून हात फिरवा. मधले पट्टे गार लागले तर तिथल्या नळ्या बंद आहेत. अशा वेळी रेडिएटर काढून, टाक्या उघडून साफ करून घ्यावा, किंवा सरळ नवीन कोअर टाकावा. बाटलीतल्या फ्लशनं जुना दगड झालेला क्षार जात नाही. गेलाच तर तो अर्धवट सुटून दुसरीकडे अडकतो. नंतर डिस्टिल्ड वॉटर आणि कुलंटच भरायचं. आपल्या हवेत पाणी गोठण्याचा प्रश्न नाही, पण कुलंटमधली गंजरोधक द्रव्यं अॅल्युमिनियमला हवीच असतात. तीस-चाळीस टक्के कुलंट पुरे.

रेडिएटरची टोपी ही सगळ्यांत दुर्लक्षित वस्तू. तिच्यावर साधारण 0.9 असा दाबाचा आकडा (किलो प्रति चौरस सेंटिमीटर) असतो. एवढा दाब धरला तर पाणी 100 अंशांऐवजी जवळपास 118 अंशांपर्यंत उकळत नाही. टोपीचं रबर गेलं की दाब धरत नाही, घाटात पाणी आधीच उकळतं आणि बाहेर फेकलं जातं. हजारोंचं काम सांगितलेल्या गाडीत फक्त टोपी खराब निघावी, असं घडतं. सगळ्यांत आधी ती बदला.

आणि थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम झाल्यावरच रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप. "आपल्या हवेत लागत नाही" असं सांगून कित्येक मिस्त्री तो काढूनच टाकतात. मला हे अजिबात पटत नाही. थर्मोस्टॅट इंजिनला गार ठेवण्यासाठी नसतो, योग्य तापमानावर ठेवण्यासाठी असतो. तो नसला की इंजिन हायवेवर कधीच पुरतं गरम होत नाही. पेट्रोल नीट वाफ न होता सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन टाकतं, ऑइलमध्ये पाण्याचा अंश राहतो, गाळ तयार होतो, ॲव्हरेज पडतं. बोअर झिजण्याचं हे चांगलंच कारण आहे. तुमच्या गाडीत तो आहे का ते उघडून बघा. असला तर गरम पाण्याच्या भांड्यात टाकून उघडतो का तपासा. उघडण्याचं तापमान त्यावरच कोरलेलं असतं, बहुधा 82 किंवा 88 अंश. अडकलेला असेल तर नवीन टाका, पण काढून टाकू नका.

पाणी कमी होतं, पण गळती दिसत नाही, असं असेल तर हेड गॅस्केटची खात्री करा. सकाळी इंजिन गार असताना टोपी काढून सुरू करा. पहिल्या मिनिटापासून पाण्यात सतत बुडबुडे येत असतील किंवा वरचा होज लगेच दगडासारखा कडक होत असेल, तर सिलिंडरचा गॅस पाण्यात जातोय. ऑइलच्या झाकणाला आतून पांढरी मलई लागलेली दिसली की लोक घाबरतात. पावसाळ्यात रोज दोन-चार किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत ती नुसत्या दमटपणानंही येते. तासभर हायवेवर चालवून पुन्हा बघा, डिपस्टिकवरचं ऑइलही दुधाळ झालं असेल तरच काळजी. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतायचं नाही आणि गरम टोपी उघडायची नाही, हे घरात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेवा.

तापण्याचं एक कारण पाण्याशी संबंधितच नसतं. इग्निशन टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) मागे पडलं की पेट्रोल उशिरा जळतं, ताकद कमी मिळते आणि उष्णता एक्झॉस्टमध्ये व हेडमध्ये जाते. डिस्ट्रिब्युटरवर व्हॅक्यूम ॲडव्हान्सचा (इनटेकमधल्या ओढीनं ठिणगी लवकर पाडणारा) डबा असतो, त्यातला पडदा जुन्या गाड्यांत फाटलेला सापडतो. नळी कार्ब्युरेटरकडून काढा, तोंडानं ओढा आणि जिभेनं बंद करा. ओढ टिकली तर पडदा शाबूत. हवा येत राहिली तर तो गेला. याचं दुसरं लक्षण म्हणजे गाडी ओढत नाही आणि ॲव्हरेज पडतं. टायमिंग लाइट लावून सेटिंग करणारा मिस्त्री शोधा. कानानं केलेलं सेटिंग जवळपास जातं, नेमकं होत नाही.

उन्हात सुरू न होण्याचं तुमच्या गाडीतलं कारण बहुधा इंधनाचं आहे. इंजिन बंद केल्यावर काही मिनिटं बॉनेटखाली उलट जास्त तापतं. कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरमधलं (पेट्रोल साठवणाऱ्या छोट्या कप्प्यातलं) पेट्रोल उकळून इनटेकमध्ये सांडतं, किंवा मेकॅनिकल पंपात नुसती वाफ भरते. पहिल्या बाबतीत पेट्रोलचा वास येतो. तेव्हा ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरून स्टार्टर मारा, पंपासारखा वरखाली करू नका. दुसऱ्या बाबतीत पंपावर ओलं फडकं ठेवलं की काम होतं. पण त्याच वेळी एक प्लग काढून ठिणगी बघून घ्या. जुनी कॉइल आणि इग्नायटर (कॉइलला ठिणगीचा इशारा देणारा इलेक्ट्रॉनिक भाग) गरम झाल्यावर दगा देतात आणि गार झाल्यावर पुन्हा शहाण्यासारखे चालतात. ठिणगी नसेल तर पेट्रोलच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

पंपाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. डिपस्टिकवर ऑइल आपोआप वाढलेलं दिसलं आणि त्याला पेट्रोलचा वास येत असेल, तर पंपाचा पडदा फाटून पेट्रोल इंजिनाखालच्या ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतंय. तशी गाडी एक किलोमीटरही चालवू नका. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खाऊन टाकतं. पंप बदला, ऑइल आणि फिल्टर बदला, मग चालवा.

आता इथेनॉलबद्दल, कारण 1997 ची गाडी 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनलेली नाही. जुन्या रबराच्या नळ्या, पंपाचा आणि कार्ब्युरेटरचे पडदे, सुईच्या टोकाचं रबर हे फुगतं किंवा चिरतं. टाकीतला जुना गंज सुटून फिल्टर लवकर तुंबतो. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याच जेटमधून (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकातून) मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानानं इंधन कमी पडतं, आणि कार्ब्युरेटरला ते ओळखून सुधारता येत नाही. पातळ मिश्रण म्हणजे चढावर धक्के, आणि जास्त उष्णता. इंधनाच्या सगळ्या नळ्या इथेनॉल चालणाऱ्या रबराच्या टाका, कार्ब्युरेटरचं किट बदला आणि मिश्रण पुन्हा सेट करून घ्या. गाडी महिनोन्‌महिने अर्ध्या टाकीवर उभी ठेवू नका. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि ते पाणी टाकीच्या तळाशी बसतं.

मिश्रण कसं आहे हे कळायला पीयूसीची पावती वापरा. तुमच्या काळच्या गाडीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा 3 टक्के आणि हायड्रोकार्बनची 1500 पीपीएम आहे. पास झाली म्हणून पावती डॅशबोर्डमध्ये टाकून देऊ नका, आकडे वाचा. मोनॉक्साइड जास्त म्हणजे पेट्रोल जास्त जातंय: चोक अडकलाय, एअर फिल्टर तुंबलाय, फ्लोटची पातळी वर आहे. मोनॉक्साइड कमी पण हायड्रोकार्बन जास्त, म्हणजे एखादा सिलिंडर मिसिंग मारतोय, म्हणजे अधूनमधून पेटत नाही: प्लग, वायर, डिस्ट्रिब्युटर कॅप, कुठेतरी ओढली जाणारी जादा हवा किंवा न मिटणारा व्हॉल्व्ह. दर खेपेच्या पावत्या जपून ठेवल्या तर इंजिनची चाल त्यावरून दिसत राहते.

आवाजाबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही, म्हणून थोडक्यात. गार असताना येणारा आणि गरम झाल्यावर जाणारा ठकठक आवाज पिस्टनचा, तो चालवून घेता येतो. गरम असताना जोर दिल्यावर खालून येणारा जड ठोका बिग एंड बेअरिंगचा (पिस्टनचा दांडा क्रँकला जिथे जोडलेला असतो तिथला). सिलिंडरच्या वायरी एकेक करून काढून बघा. ज्याची काढल्यावर ठोका मऊ होतो, त्याचं बेअरिंग. गरम इंजिन आयडलला असताना ऑइलचा लाल दिवा लुकलुकत असेल तर स्विचच्या जागी गेज लावून दाब मोजून घ्या. दाट ऑइल किंवा ट्रीटमेंटची बाटली टाकून आवाज दाबू नका. जुनी गाडी विकत घेताना मात्र याच युक्तीपासून सावध राहा, आणि इंजिन पूर्ण गार असताना स्वतः सुरू करून बघा.

टायमिंग बेल्ट कधी बदलला होता हे माहीत नसेल तर तो आजच जुना धरा. सोबत क्रँकचं पुढचं सील आणि कॅमचं सीलही बदला, कारण त्यातून गळणारं ऑइल नव्या बेल्टलाही फुगवतं.

हे सगळं करूनही कॉम्प्रेशन कमी राहिलं, ऑइल घातल्यावर आकडा चढला, ऑइलचं झाकण काढल्यावर भोकातून जोरात धूर फेकला जातोय, तर मग इंजिन काम करायचं. पण तेव्हा नुसत्या रिंगा टाकून देऊ नका. झिजलेल्या बोअरमध्ये वरच्या टोकाला एक कड तयार झालेली असते. नव्या रिंगेची धार तिच्यावर आपटते आणि रिंग तुटते, किंवा वाकड्या बोअरमध्ये ती बसतच नाही आणि काही महिन्यांत धूर परत येतो. ब्लॉक लेथवर नेऊन बोअर वर, मध्ये, खाली आणि दोन दिशांनी मोजून घ्या. आकडे कागदावर लिहून मागा. वाटोळेपणा गेला असेल तर बोअर करून 0.25 किंवा 0.50 मिलिमीटरचे ओव्हरसाइज पिस्टन टाकायचे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा पुण्यात हे काम नीट करणारी वर्कशॉप्स आहेत, गावातल्या गॅरेजनं ब्लॉक तिकडे पाठवला तरी चालतं. प्रत्येक रिंग आधी बोअरमध्ये सरळ बसवून टोकांची फट फीलर गेजनं बघायची. क्रँकचे जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे गुळगुळीत भाग) मोजायचे. हेडला सरळपट्टी लावून वाक बघायचा, आणि फेसिंग (हेडचा पृष्ठभाग घासून सपाट करणं) गरजेपुरतंच मारायचं. हेडचे बोल्ट मधून बाहेर, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचनंच (किती जोरानं आवळलं ते दाखवणाऱ्या पान्यानंच) आवळायचे. रेंच नाही म्हणणाऱ्या गॅरेजात हेडचं काम देऊ नका.

काम झाल्यावर पहिले 500 किलोमीटर गाडी एकाच वेगानं लांब पळवू नका आणि खालच्या वेगात वरच्या गिअरवर ओढायलाही लावू नका. ते झाले की ऑइल आणि फिल्टर बदला, टॅपेट पुन्हा सेट करा आणि कॉम्प्रेशनचे तीन आकडे पुन्हा मोजून गाडीच्या कागदांसोबत लिहून ठेवा.